हिरवी चिंधी

काल देवीच्या डोंगरावर बायकोनं झाडाला हिरवी चिंधी बांधली, आणि इतक्या वर्षांनी मला त्या पोत्याचा ओला, आंबूस वास आला.

कराडला इंजिनिअरिंगला असताना आम्ही पोरांनी याच डोंगराची पायवाट साफ केली होती. चहाचे कप, गुटख्याच्या पुड्या वेचता वेचता मी झाडावरच्या नवसाच्या चिंध्याही कापून पोत्यात कोंबल्या. मला तो कचराच वाटला.

तेवढ्यात एक म्हातारी चढून आली. मोकळी फांदी बघून मटकन खाली बसली.

"लेकरा, माज्या सुनंची हिरवी चिंधी हुती रं हितं. मूल झाल्याबिगर सोडायची न्हाई ती."

मी पोतं उपसलं. हिरवी काही सापडेना. शेवटी एक निळसर उचलून म्हणालो, "हीच ना, आजी?"

तिनं चिंधीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "व्हय, हीच," म्हणाली आणि फांदीला बांधू लागली. सुटलो एकदाचा, म्हणून मी खाली पळालो.

आमच्या लग्नाला आता अकरा वर्षं झाली. काल बायकोनं मारलेल्या गाठीवर मी आणखी दोन गाठी आवळल्या.

"आवं, एवढी घट्ट कशाला?" ती म्हणाली. "सोडायला यायचंय की आपल्याला."