बारवेजवळचा घेवडा

नेकनूरच्या बारवेजवळ सांडपाण्याच्या ओलीवर बायनाबाईनं माळवं केलं होतं. जमीन गावची, मेहनत तिची. वांगी, घेवडा, दोडका. ज्या घरी भाजी नसेल त्या घरची बाई यायची आणि तोडून न्यायची. नवऱ्यामागं बायनाबाईला दुसरं काही नव्हतं. गावात तिला मान होता, तो त्या वाफ्यांमुळं.

निजामाचा अंमल होता. एक दिवस गावच्या कोतवालानं, सटव्यानं, दवंडी दिली, की गावाला बागकामाचं काय शिकवावं याची चौकशी करायला हैदराबादेहून रहीम मुन्शी येणार, बायांनीही चावडीवर यावं. ऐकून गावाला घाम फुटला. मागं असाच एकजण विहिरी मोजून गेला आणि पुढच्या साली शेतसारा वाढला होता. दुधानं तोंड पोळलेली माणसं आम्ही, ताकही फुंकून पिणारच.

हिरवं दिसलं की जागा जाणार, हे बायनाबाईनं धरूनच ठेवलं. आदल्या दिवशी तिनं शेजारणीच्या शेळ्या आणून स्वतःच्या हातानं वाफ्यात सोडल्या. घेवड्याचं मूठभर बी तेवढं पदराला बांधलं.

चावडीवर मुन्शी लई गोड बोलला. गोड बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून राग आहे.

"माळवं कोण करतं इथं?" त्यानं विचारलं.

"कुणीच न्हाई, साहेब," गर्दीतून एकजण म्हणाला.

"कुणाला येतं तरी?"

"न्हाई," बायनाबाई म्हणाली. "पर तुमी कावून इचारता?"

"शिकवायचं आहे, बाई."

मुन्शीनं पुन्हा एकदा सगळ्यांना तेच विचारलं. मीही मान हलवली. बारवेजवळची जागा पडीक आहे असं त्यानं लिहिलं आणि खाली आमचे अंगठे घेतले.

दोन महिन्यांनी तो परत आला तो परगावचा माळी घेऊनच. पडीक जागेवर आता सरकारी बाग होणार होती. माळ्यानं बायांना रांगेत बसवलं आणि आळं कसं करतात ते दाखवायला लागला. बायनाबाई पहिल्याच रांगेत होती.

"गावातलाच जाणकार मिळाला असता, तर जागा त्याच्याच हवाली करायचा हुकूम होता," मुन्शी मला म्हणाला. "म्हणून तर दोनदा विचारलं."

ते तिनंही ऐकलं. मला तिच्याकडं बघवेना.

तेवढ्यात माळ्यानं विचारलं, "घेवड्याचं इथलं बी हाय का कुणाकडं?"

बायनाबाईनं पदराची गाठ मुठीत घट्ट धरली.

"न्हाई," ती म्हणाली.