आडनाव विचारल्यावर

अपमान शरीरात कुठे साठतो, याच्या संशोधनासाठी मी वस्तीत गेलो होतो. शांताबाईंच्या बोटाला नाडीचं यंत्र लावलं. टिकटिक संथ होती. सवयीने मी विचारलं, "आडनाव?"

टिकटिक एकदम वाढली. चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. जणू त्यांच्या आत दुसरंच कुणी दचकून उठलं होतं.

"घाबरलात?"

"न्हाई ओ सर," त्या हसल्या. "आडनाव इचारलं की पुढचं ठावं असतंय. पाणी वरनं ओततात. तुमचं काय ओ आडनाव?"

जे मोजायला आलो होतो, ते माझ्याच तोंडून बाहेर पडलं होतं. मी आडनाव सांगितलं. त्याने आजवर मला दारंच उघडून दिली होती.

"चांगलंय की," त्या हसतच म्हणाल्या. टिकटिक आणखी वाढली.