मामाजींच्या हातचा प्रोग्राम

तयार मिळणाऱ्या वस्तूवर माझ्या मामेसासऱ्यांइतका अविश्वास अख्ख्या रायपुरात कुणी दाखवला नसेल. सिलतऱ्याच्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेला हा माणूस तात्यापाऱ्यातल्या घरी हळद कुटायचा, गादी स्वतः शिवायचा आणि कॉम्प्युटरवरचा प्रोग्रामही स्वतःच बांधायचा. आपण बटण दाबून डाउनलोड करतो ना, ते त्यांच्या लेखी शिळं अन्न! ते सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेल्या त्या प्रोग्रामच्या मूळ हजारो ओळी उतरवून घेत आणि आपल्याच मशीनवर त्यातून प्रोग्राम घडवत. "ज्याचा कच्चा माल पाह्यला नाही, ते घरात काहून घेऊ?" म्हणायचे.

माझा लिहिण्याचा प्रोग्रामही त्यांनीच बांधला. "अहो मामाजी, पाच मिनिटांचं काम!" असं मी म्हटलं, आणि त्यांना लागले दोन दिवस. त्याला एक लायब्ररी, म्हणजे आधाराला दुसऱ्या कुणाचा कोड, लागायची, तिला दुसरी, दुसरीला तिसरी. लग्नात एका आत्याला बोलावलं की सगळ्याच आत्यांना बोलवावं लागतं, तसं. मामाजींनी एकेकीला मानाने आणलं. मग पडद्यावर ओळी धावू लागल्या, तर चहा गार होऊ देऊन हे भट्टीसमोर बसल्यासारखे बघत राहिले. मध्येच काम अडलं. मी घाबरलो, ते खूश! "चिल्लावते शेवटची ओळ, जवाईबापू, पन रोग पहिल्या ओळीत रायते. वर जा." आणि खरंच तिथेच सापडला हो! मी तोंडात बोट घातलं ते घातलंच.

एक खोडी मात्र त्यांनी करून ठेवली. प्रोग्राम बंद करताना इतरांना इंग्रजीत 'सेव्ह करायचं का' असं विचारलं जातं, मला विचारलं जायचं, "जवाईबापू, जेवले काय?" पाहुणे हसायचे, मी चिडायचो.

मागच्या वर्षी मामाजी गेले. या उन्हाळ्यात कॉम्प्युटरही बसला. सदर बाजारातल्या दुकानदाराने नव्यावर तोच प्रोग्राम डाउनलोड करून दिला. "ले लो भैया, एकदम लेटेस्ट." घरी येऊन बंद केला, तर इंग्रजीत कोरडा प्रश्न. ते वाक्य मला परत हवं होतं, बस्स.

मामाजींनी सोर्स कोड ठेवलेला पेन ड्राइव्ह काढला, त्यांच्या वहीतल्या सूचना समोर ठेवल्या आणि पाच रविवार बसलो. कितीदा अडलो, सांगत नाही. दरवेळी वर गेलो, पहिल्या ओळीकडे. असंच शोधताना त्या इंग्रजीच्या रानात त्यांचं वाक्य दिसलं. शेजारी एक टीप होती, मशीन जी वाचत नाही, फक्त माणसासाठी ठेवतात तशी: "हे काढू नये. पोट्टा लिहायले बसला की जेवण विसरते." पन्नाशीतल्या या पोट्ट्याने ती टीप जशीच्या तशी ठेवली.

पाचव्या रविवारी भरदुपारी प्रोग्राम उभा राहिला. मी एक ओळ लिहिली आणि बंद करायला गेलो. त्याने विचारलं.

"नाही ना, मामाजी," मी म्हणालो, आणि उठून ताट घेतलं.