उंदीर चालले त्याचे पेढे

आईनं पेढे वाटले तेव्हा मी लॅबमध्ये होते. नाहीतर तिच्या हातून डबाच हिसकावून घेतला असता.

झालं असं, की पेपरात आमच्या कामाची बातमी आली. माझ्या दादाला जो आजार आहे, तोच घेऊन जन्माला येतील अशा उंदरांची आम्ही पैदास करतो. मेंदूतला, शरीराचा तोल सांभाळणारा भाग झिजत जातो, पाय ऐकेनासे होतात. बाबांना होता, त्यांच्याकडून दादाला आला. असे उंदीर फिरत्या दांड्यावर ठेवले की धपकन पडतात. नवीन औषध दिलेले मात्र टिकले, नीट चालले. पेपरवाल्यांनी मथळ्यातून ‘उंदीर’ हा शब्दच गाळला.

झालं! आईनं प्रताप नगरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. दादा भिंत धरून चालायला लागला तेव्हा हीच गल्ली म्हणायची, "सकाळीच टाकून आला वाटते." गांधीबागेच्या बाजारात ज्याच्या दुकानात तो कापड मोजायचा, त्या शेठनंही तेच म्हणून त्याला काढलं. आता तेच शेजारी पेढा तोंडात टाकून विचारत होते, "मग, कधीपासून चालते आता तुमचा पोरगा?"

घरी आल्यावर माझं डोकंच फिरलं. "अवं आई, उंदीर चालले. दादा नाही!"

"मंग त्याले काहून नाही देत ते औषध?"

"माणसाला द्यायला अजून कितीतरी वर्षं लागतील. तेव्हाही लागू पडेलच असं नाही."

"मंग एवढी शिकली कशाले?"



दादा पलंगावर बसून हसत होता. जीभ जड झालीय त्याची, एकेक शब्द ओढून काढतो. "मले टाक ना वं तुझ्या पिंजऱ्यात. खाणं फुकट, औषध फुकट." मग म्हणाला, "ते चालणारे उंदीर आता काय करून राहिले?"

"मारले. औषधानं मेंदूत काय झालं ते पाहावं लागतं."

आई पुटपुटत स्वयंपाकघरात गेली.

बाहेर दादाची पोरगी मैत्रिणींबरोबर लंगडी खेळत होती. उंदराचं पिल्लू जन्मलं की शेपटीचा एवढासा तुकडा तपासून आम्ही सांगतो, याच्यात आजार आहे की नाही. हिच्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नाही. मी खिडकीतून पाहत राहिले. पाऊल वाकडं पडतं का, वळताना झोक जातो का. सवयच लागलीय मेली. तेवढ्यात तिचा तोल गेला, तिनं हात टेकला, खिदळत पुन्हा उठली.

"ए," दादा मागून म्हणाला. आता तो हसत नव्हता. "तिच्या पायाकडे तसं नको पाहू."

मी मान वळवली. दारात आई उभी होती, हातात पेढ्यांचा रिकामा डबा. तीही तिकडेच पाहत होती.