बंदरावरचं गाणं आणि सासऱ्यांची वरात

जर्मनीत ब्राउनश्वाइगला आमच्या जर्मन भाषेच्या बाईंनी वर्गात चिठ्ठ्या उचलायला लावल्या. प्रत्येकाने मिळालेल्या विषयावर पाच मिनिटं बोलायचं. शेजारणीला 'कचऱ्याचं वर्गीकरण' आलं, म्हणजे या देशात फुकटचे मार्क. मला आलं शंभर वर्षांपूर्वीचं एक नाचाचं गाणं, गुडघे आत-बाहेर फेकत नाचतात ते.

घरी येऊन मोबाइलवर लावलं. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले माझे सासरे कंटाळून स्वयंपाकघरात माझ्यावर देखरेख करत बसले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"अगं, हे तर आमच्या वरातीत वाजलं होतं!"

"बाबा, हे अमेरिकन आहे."

"असेल. बँड आपला होता ना?"

खात्री करायला त्यांनी पुण्याला सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मला फक्त तुमच्या मामांचं भांडण आठवतंय," आणि फोन ठेवला.

मी आठवडाभर वाचत बसले. अमेरिकेच्या दक्षिणेत एक बंदर. नाचाची पावलं तिथल्या काळ्या हमालांची. त्यातले काही न्यूयॉर्कला आले, तिथे त्यांना नाचताना पाहून एका काळ्या पियानोवाल्याने चाल बांधली. मग ती रंगभूमीवर गेली आणि जो तो गुडघे फेकू लागला. संस्कृतिरक्षकांनी बोटं मोडली. त्यांच्याच मुली नाचत असणार, दुसरं काय! तिथून गाणं बोटीने युरोपात आलं.

भाषणाच्या दिवशी घरच्यांना यायची मुभा होती, म्हणून बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. मी "आल्झो", म्हणजे आपलं 'तर मग', म्हणून सुरुवात केली आणि जेमतेम बंदरापर्यंत पोहोचले, तोच बाईंनी हात वर केला.

"हे गाणं जर्मन आहे. माझी आजी म्हणायची."

आणि त्यांनी ते जर्मन शब्दांत गाऊनच दाखवलं. बाबांना जर्मनचा एक शब्द कळत नाही, पण चाल कळली. ते उठले. "माय मॅरेज! सेम साँग!"

बाईंनी इंग्रजीत लग्नाचं साल विचारलं, बाबांनी सांगितलं. "गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणजे माझी आजी आधी," असा निकाल देऊन बाई गुडघे फेकायला लागल्या. समोर बाबा रुमाल दातात धरून वरातीतला नाच करत होते. वर्ग टाळ्या वाजवत होता. मी तीनदा "हमाल" म्हणाले, शेवटी तर चक्क मराठीत. कोणी ढुंकून पाहिलं नाही. पाच मिनिटं संपली.

मला पास केलं, पण शेरा होता: 'माहिती रंजक. गाण्याच्या उगमाची खात्री करून घ्यावी.'

परतीच्या ट्राममध्ये मी फुगून बसले होते. ज्यांचं गाणं, तेवढेच नेमके वर्गाबाहेर राहिले.

दोन स्टॉप गेल्यावर बाबा म्हणाले, "हमाल म्हणत होतीस ना तू? काय वाहायचे ते?"

"कापसाचे गठ्ठे असतील. बंदरच होतं ते."

बाबा म्हणाले, "आमच्या बँडमधला ढोलवाला दिवसा भुसार बाजारात पोती उचलायचा. वरातीत सगळ्यात जास्त तोच नाचला. आम्हाला वाटलं, प्यायलाय."