कचऱ्यात टाकलेला मलिदा

"हे कुठल्या देवापुढे ठेवून आणलंय?"

बाईंनी डबा उघडला, वास घेतला आणि मला विचारलं. वीस पोरांसमोर. हिब्रूत, सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसं.

डबा माझ्या मुलीचा. लिओरा तेव्हा चार वर्षांची. इस्रायलमधल्या किर्यात गात गावच्या त्या बालवाडीत ती शिकायची आणि मी तिथेच मदतनीस होते. नाकं पुसायची, शी-शू काढायची, कप विसळायचे. रशियातून रोज नवीन माणसं येत होती, ती वर्षं. त्या दिवशी तू बिश्वत होता, झाडांचा सण. घरून फळं आणा, घरी करता ते करून आणा, असं बाईंनीच सांगितलं होतं.

आम्हा बेने इस्रायलांकडे, कोकणातून इकडे आलेल्या यहुद्यांकडे, त्या दिवशी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा होतो. सासूबाई मूळच्या ठाण्याच्या. त्यांनी सकाळी उठून पोहे भिजवले, नारळ खोवला, साखर-वेलची घातली, वर पाच फळं ठेवली. बेराखा, म्हणजे देवाच्या स्तुतीची प्रार्थना, म्हटली आणि आधी नातीचा डबा भरला. वेडी मी. मला वाटलं, सणाचं आहे, खातील.

एलियाहू हन्नाबीच्या नावाचा आहे, असं मी सांगितलं. बाई हसल्या. मोरोक्कोहून आलेल्या बायकांनी घरून तळून आणलेलं टेबलावर होतंच. त्यांना कुणी देव विचारला नव्हता. मला मात्र ऐकवलं, की हे तुम्ही तिकडच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बघून उचललंय, तुम्ही लोक खरे यहुदी का, याचीच शंका येते. मग कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"टाक. आणि हात धू. तिचेही."

मी टाकला. माझा हात कुणी धरला नव्हता, मीच टाकला. ज्याचा दाणा आम्ही पायाखाली येऊ देत नाही, तो मलिदा ओल्या पुठ्ठ्यांवर आणि शेंबडाच्या कागदांवर उपडा केला. डबा ठोकून ठोकून साफ केला. मग पोरीचे हात साबणानं धुतले. दोनदा. पोरं नाकं धरून हसत होती. लिओरानं माझ्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि मग तिनंही नाक धरलं.

घरी सासूबाई दारातच उभ्या. "खाल्ला का गं पोरांनी?"

"सगळा संपला, आई. डबा चाटूनपुसून रिकामा."

त्या इतक्या खूश झाल्या, की पुढच्या वर्षी मोठा डबा देईन म्हणाल्या. माझ्या तोंडाला कुणी काळं फासलं असतं तरी बरं होतं. त्या दिवसापासून लिओरा त्यांच्या हातचं खाईना. त्या मराठीत बोलल्या की ही हिब्रूत उत्तर द्यायची. बसस्टॉपवर मला सांगायची, इथे तसं बोलू नकोस. आणि मी वर्षभर मूग गिळून बसले. नोकरी ना.

पुढच्या तू बिश्वतला खरंच मोठा डबा आला. रस्ताभर तो मला धोंड्यासारखा जड वाटत होता. बाईंनी झाकणसुद्धा उघडलं नाही. पुन्हा तेच बोट.

"टाक."

"नाही टाकणार," मी म्हटलं. मराठीत. तेच आलं तोंडात. मग हिब्रूत सांगितलं, की गेल्या वर्षी टाकला ते माझं पाप, यंदा करणार नाही.

पोरांच्या छोट्या खुर्चीवर बसले. डबा उघडला, बेराखा म्हटली. तीच बेराखा, जी बाई रोज पोरांकडून घोकून घेत होत्या. आणि खाल्ला. मूठ मूठ. लिओराला हाक मारली. ती आली नाही. भिंतीला टेकून नाक धरून उभी राहिली, सगळ्या पोरांसारखी. बाई म्हणाल्या, उद्यापासून येऊ नकोस. मी एप्रन काढून खुर्चीवर टाकला.

घरी आल्यावर सासूबाईंना दोन्ही वर्षांचं सांगितलं.

"टाकला तो हात कुणाचा होता?"

"माझा."

त्यांनी जवळ घेतलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. आतून खोवणी आणली आणि माझ्या पायाशी ठेवली. तेव्हापासून नारळ मी खोवते, पोहे मी भिजवते.

लिओरा अजून ताट सरकवते. बाईंनी एका सकाळीत शिकवलेलं पोरीच्या अंगात मुरलंय, आणि साबण माझ्या हातात होता. ते मी विसरणार नाही आणि तिलाही विसरू देणार नाही. ती सरकवते, मी ताट परत तिच्यासमोर ठेवते. मराठीत सांगते, हा मलिदा आहे, आपला आहे, तुझ्या आज्जीची आज्जी करायची तोच. धर नाक, जितकी वर्षं धरायचं तितकी धर. ताट इथून हलणार नाही.