कपाटातला कोबी

माझ्या धाकट्या बहिणीला कारखान्यात तोंडावर सगळे ताई म्हणायचे आणि पाठ वळली की पळीबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं. लोखंडी कपाटांच्या त्या कारखान्याचं स्वयंपाकघर तिच्या हाताखाली, आणि हातात कायम लांब दांड्याची पळी. कुणी ताटात टाकलं की ती पळी आडवी धरून वाट अडवायची. “का रे, आळणी झालंय की खारट? तोंड उघड.” बोलल्याशिवाय सोडायची नाही. लोकही सोडायचे नाहीत. “ताई, आज भात केलाय की कपाटांवर चिठ्ठ्या चिकटवायची खळ?” ती हसायची नाही, पण दुसऱ्या दिवशी भात मोकळा. माझ्या हातचं कुणी टाकत नाही, हा तिचा एकुलता एक तोरा. नवऱ्यामागे तिने त्यावरच दिवस काढले.

मी त्याच कारखान्याचा माल पोचवणारी गाडी हाकायचो. जेवायला घरचा डबा, तोही गाडीत बसून. म्हणून पुढची घाण माझ्या पोटात गेली नाही, नुसती नाकात गेली.

झालं काय, वरून एक नवे साहेब आले. त्यांचं बारसं लोकांनी पहिल्याच दिवशी उरकलं: आकडेसाहेब. सगळ्यांना अंगणात उभं करून ते म्हणाले, “आजपासून इथे ‘मला वाटतं’ बंद. ज्याने त्याने आकड्यात बोलायचं. ही सवय अंगात मुरली पाहिजे.” मुरली हो, लोणच्यासारखी मुरली! रखवालदाराला फाटक किती वेळा उघडलं ते मोजायला सांगितलं, तर तो आकडा फुगावा म्हणून कुत्र्यालाही सलाम ठोकून फाटक उघडू लागला.

मला आमची गावची शाळा आठवली. तपासनीस यायचे त्या दिवशी वर्ग भरलेला दिसावा म्हणून मास्तर शेजारच्या गावची पोरं उसनी आणायचे. दुसऱ्या दिवशी तपासनीस शेजारच्या गावात, तर आम्ही तिथे हजर. ते बिचारे म्हणायचे, “या भागातली पोरं दिसायला फार सारखी!”

तर आकडेसाहेबांची नजर जेवणघराकडे वळली. प्रत्येक विभागाला उष्ट्याची वेगळी बादली दिली. जेवणं झाली की बादल्या काट्यावर चढायच्या आणि वजन भिंतीवरच्या फळ्यावर. ज्यांची बादली सगळ्यात जड, त्यांनी सकाळी सगळ्यांपुढे उभं राहून कारण सांगायचं. आता उष्टं कुठं वजन करून मिरवायचं असतं? शी! पण बहीण म्हणाली, “करू देत दादा. माझ्या अन्नाला काट्याची भीती नाही.”

एके दिवशी बाजारातून पिवळा पडलेला कोबी तेवढा आला. तिने त्याचं पातळ कालवण केलं. तिच्याच घशाखाली उतरेना. आज बादल्या ओसंडणार, असं धरून ती बसली, आणि बादल्या निघाल्या कोरड्या ठणठणीत.

साहेब हरखले. “बघा बाई! तुम्हाला वाटतं लोकांना नको. आकडा काय म्हणतो?”

“साहेब, त्यांची तोंडं बघा.”

“तोंड हा आकडा नाही.”

झालं, कोबी रोजचा झाला. तिने पळी आडवी धरून सगळ्यांना विचारलं, “खरं सांगा रे, आवडतं?” बिजागऱ्या बसवणारा फिटर मान खाली घालून म्हणाला, “झकास, ताई! बोटं चाटतोय.” बाकीचेही तेच. खरं बोलणारा सकाळी अख्ख्या विभागाला उभं करणार, मग बोलतो कोण? फळ्यावरचे आकडे उतरत गेले आणि कारखान्यात वास चढत गेला. आंबट, सडका, मोज्यासारखा. साहेबांनी कोपऱ्याकोपऱ्यात गुलाबाच्या अत्तराचे फवारे मारायला लावले. मग कोबीला गुलाबाचा नाही, गुलाबालाच कुजलेल्या कोबीचा वास यायला लागला.

त्यातच मी एक कपाट एका प्रसूतिगृहात पोचवलं, बाळांची दुपटी ठेवायला. सिस्टरने दार उघडलं आणि दोन पावलं मागेच उडाली. “अहो गाडीवाले, यात मेलंय काय?” खालच्या कप्प्यात, कागदाखाली, हिरव्या रेंद्याचा थर वळवळत होता. हो, वळवळत. बादलीत न पडलेलं सगळं उष्टं असं कपाटांतून तर बाहेर जायचं! मला गाडीशी ओकारी आली, आणि मी काही नाजूक माणूस नव्हे.

कपाट परत आणून साहेबांपुढे ठेवलं. ते रुमालातून म्हणाले, “एका कपाटावरून निष्कर्ष काढायचा नसतो.” मग बहिणीकडे वळले. “बाई, बादल्या हलक्या दिसाव्यात म्हणून हे तुम्हीच टाकलंत. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघराच्या किल्ल्या जमा करा.”

ती लोकांकडे बघत राहिली. जन्मभर जिने वाढलं, तिच्यासाठी एक जीभ उचलेना. फिटर बुटाची नाडी बांधू लागला. खरं सांगतो, किड्यांपेक्षा मला त्या नाडीची किळस आली.

तिने पळी उचलली आणि तयार कपाटांच्या रांगेत शिरली. दारावर पळीचा ठणका, की दार उघड. कोबी. ठणका. कोबी. खणात, तिजोरीत, आरशामागे. माणसं नाक दाबून मागे सरत होती, जणू दुसऱ्याचंच पाप. रांग संपली तशी ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब आपल्या कपाटाला पाठ लावून उभे. “याला कुलूप आहे.”

तेव्हा कुठे फिटरने खाली बघतच मुख्य किल्ली तिच्या हातावर ठेवली. कपाटांच्या कारखान्यात कुलपाचा काय पाड!

आत घट्ट झाकणाचे डबे, ओळीने, प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी. साहेबांच्या विभागाचीही बादली होती ना! मोजायची सवय मात्र खरोखर अंगात मुरलेली. बहिणीने एक झाकण उघडलं आणि साहेबच खिडकीकडे धावले.

तिने सगळे डबे काट्यावर रचले. फळ्यावर लिहायला कुणी पुढे होईना.

“बाई, तुमचं काम राहील,” साहेब रुमालाआडून म्हणाले. “हे इथल्या इथे मिटवू.” मागून फिटरही म्हणाला, “ताई, उद्या तुमचा भात करा ना.”

“नको म्हणायला तुम्हाला तोंड नव्हतं,” ती म्हणाली, “आता वाढायला मला हात नाही.” किल्ल्या तिने उघड्या डब्यात टाकल्या. बुडायला वेळ लागला.

पळी तेवढी घेऊन ती माझ्या गाडीत येऊन बसली. फाटकाशी रखवालदाराने सवयीने सलाम ठोकला, तिने बघितलं नाही. बऱ्याच वेळाने हात नाकाशी नेऊन ती म्हणाली, “दादा, काच खाली कर ना.”

काच खालीच होती.